पहिली शॉटगन: नळी, छर्रे आणि भिंतीपलीकडचा प्रश्न

“शॉटगनला नेम लागत नाही. नळी त्या बाजूला केली की काम झालं.”

घराच्या रक्षणासाठी बंदूक घ्यावी का, असा विचार करणाऱ्या माणसाला हे वाक्य कुणी ना कुणी ऐकवतंच. मलाही ऐकवलं होतं, आणि ते डोक्यात घेऊनच मी पहिल्यांदा चांदमारीला गेलो. प्रशिक्षकांनी पाच मीटरवर खाकी कागद लावला, मधोमध बशीएवढं वर्तुळ काढलं आणि नऊ छर्ऱ्यांचं एक काडतूस माझ्या हातात दिलं. बार झाला, खांद्याला दणका बसला. कागद जवळ आणून पाहिला तर वर्तुळ कोरं. नऊच्या नऊ छर्रे त्याच्या खाली डावीकडे, तळहाताखाली झाकली जाईल एवढ्या जागेत गेले होते. प्रशिक्षक रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “घरात असतात तर हे नऊ कुठे गेले असते?”

पहिली शॉटगन निवडताना आणि ती घरासाठी तयार करताना जे काही ठरवायचं असतं, ते सगळं फिरून या प्रश्नापाशी येतं. म्हणून दुकानातल्या फळीवर काय काय असतं ते आधी समजून घेऊ, आणि मग भिंतीपलीकडे जाऊ.

त्याआधी कायदा. परवाना कुणाला मिळतो, प्रशिक्षण सक्तीचं आहे का, बंदूक कशी ठेवायची आणि स्वसंरक्षणासाठी कधी वापरता येते, हे प्रत्येक देशात वेगळं आहे. काही ठिकाणी तर घराचं रक्षण हे बंदूक बाळगण्याचं कारण म्हणून मान्यच होत नाही. आपल्याकडचा नियम आधी नीट वाचा, जाणकार वकिलाला विचारा. पुढचं सगळं त्यानंतरचं.

शॉटगन इतर बंदुकांपेक्षा वेगळी कशी?

रायफल आणि पिस्तुलाच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात. गोळी त्यातून फिरत निघते आणि फिरल्यामुळे सरळ जाते. शॉटगनची नळी मात्र आतून गुळगुळीत असते, कारण तिच्यातून बहुतेक वेळा एक गोळी नाही तर छर्ऱ्यांचा पुंजका जातो.

काडतूस उभं कापून पाहिलं तर तळाशी पितळी बूड आणि त्यात टोपी दिसते. चाप ओढला की पिन या टोपीवर आदळते आणि ठिणगी पडते. त्यावर दारू, दारूवर प्लास्टिकची वाटी, आणि वाटीत छर्रे. ही वाटी छर्ऱ्यांना नळीभर सांभाळून नेते, बाहेर पडली की मागे राहते आणि छर्रे पुढे जातात. यंत्र म्हणून एवढंच. गोंधळ सुरू होतो तो नावांमुळे.

गेज म्हणजे काय, आणि कितीचं घ्यायचं?

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ‘बारा बोअर’ म्हणतात, तेच हे १२ गेज. हे माप मिलिमीटरमध्ये का नाही, याचं कारण जुनं आहे. एक पौंड शिसं घ्या आणि त्याचे बारा सारखे गोळे करा. एका गोळ्याचं वजन भरेल सुमारे ३८ ग्रॅम. तो गोळा ज्या नळीत बरोबर बसेल ती १२ गेज. त्याच पौंडाचे वीस गोळे केले तर प्रत्येक गोळा लहान होईल आणि त्याला नळीही बारीक लागेल. ती २० गेज. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक होते, आणि नवशिक्याला नेमकं हेच उलटं वाटतं. मिलिमीटरमध्ये १२ गेज म्हणजे साधारण १८.५ आणि २० गेज १५.६. दुकानात ‘चारशेदहा’ म्हणून तिसरी एक मिळते. तो आकडा गेजचा नाही, इंचाचा आहे: ०.४१० इंच. तिचा झटका कमी असतो, पण छर्रेही थोडेच मावतात.

घरासाठी निवड बहुधा १२ आणि २० यांच्यात होते. १२ गेजला काडतुसांची निवड खूप मोठी आहे आणि घराच्या कामासाठी बनवलेली चांगली काडतुसं मुख्यतः याच मापात मिळतात. तिचा झटका मात्र जोरदार असतो. २० गेजची बंदूक सहसा हलकी असते आणि खांद्याला सोसवते. ज्या घरात दोन वेगवेगळ्या अंगकाठीची माणसं तीच बंदूक वापरणार आहेत तिथे २० गेजचा विचार जरूर करावा. मी स्वतः १२ गेजला कमी झटक्याची काडतुसं वापरायच्या बाजूचा आहे. पण ज्या बंदुकीची भीती वाटते तिचा सराव माणूस करत नाही, आणि सरावच नसेल तर गेज कितीचाही असला तरी उपयोग शून्य.

एक धोका इथेच सांगून ठेवतो. २० गेजची काडतुसं पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात आहे आणि त्याला सबळ कारण आहे. २० गेजचं काडतूस चुकून १२ गेजच्या नळीत घातलं तर ते पुढे घसरून मध्येच अडकतं. नळी रिकामी आहे असं वाटतं, मागून १२ गेजचं काडतूस भरलं जातं, बार होतो आणि नळी फुटते, ती सुद्धा ज्या हातानं धरली आहे त्याच्यापाशी. म्हणून घरात दोन्ही गेज असतील तर दोघांचे डबे वेगळे ठेवा. आणि खिशात काडतुसं कधी मिसळू नका.

दुनाळी, पंप की सेमी-ऑटोमॅटिक?

दुनाळीत बिघडण्यासारखं काही नसतं. मधून मोडायची, दोन काडतुसं घालायची, मिटायची. भरलेली आहे की रिकामी हे उघडताच डोळ्यांना दिसतं. मर्यादा एकच, दोन बार झाले की पुन्हा भरायला थांबावं लागतं.

पंप-ॲक्शनमध्ये नळीखालची मूठ हातानं मागे ओढायची आणि पुढे ढकलायची. मागे येताना रिकामं टरफल बाहेर पडतं, पुढे जाताना नवं काडतूस आत बसतं. रेमिंग्टन ८७० हे या जातीचं प्रसिद्ध उदाहरण. ती १९५०मध्ये आली आणि २००९पर्यंत एक कोटी बंदुका बनल्या. मॉसबर्ग ५०० तितकीच परिचित. या दोघींत नवशिक्याला सहज कळेल असा फरक आहे तो सुरक्षा कळीचा. ८७०ची कळ चापाच्या मागे आडवी आहे. ५००ची कळ वर, अंगठ्याखाली आहे, त्यामुळे ती डावखुऱ्यालाही तितकीच सोयीची पडते. पंपची किंमत कमी असते आणि ती हलकं-भारी कुठलंही काडतूस चालवते, कारण तिला ताकद आपल्या हाताची मिळते. पण तोच हात घाबरला की मूठ अर्धवट मागे येते आणि काडतूस अडकतं. पंपचे बरेचसे घोळ माणसाच्या हातून होतात आणि त्यावर सरावाखेरीज औषध नाही.

सेमी-ऑटोमॅटिक हे काम स्वतः करते. बारातल्या वायूवर किंवा झटक्याच्या जडत्वावर तिची यंत्रणा चालते. वायूवर चालणाऱ्या बंदुकीत झटक्याचा काही भाग यंत्रणेतच खर्च होतो, म्हणून खांद्याला ती मऊ लागते. अमेरिकेच्या मरीन कोअरनं निवडलेली बेनेली एम४ याच जातीची. या प्रकाराची किंमत जास्त आणि काडतुसांबाबत तिचे नखरे जास्त, फार हलक्या काडतुसावर ती अडू शकते. ज्यांच्या हातात जोर कमी आहे किंवा एक खांदा दुखरा आहे, त्यांना मी परवडत असेल तर हीच सुचवेन.

छर्रे: सगळ्यात महत्त्वाचा निर्णय

लोक बंदूक निवडायला महिनाभर घालवतात आणि काडतूस जाता जाता उचलतात. व्हायला हवं उलट, कारण समोर जे पोचतं ते काडतुसातलं.

बर्डशॉट म्हणजे पक्ष्यांसाठीचे बारीक छर्रे. साडेसात नंबरचा छर्रा जेमतेम २.४ मिलिमीटरचा असतो आणि औंसभरात असे साडेतीनशेच्या आसपास बसतात. बकशॉट म्हणजे मोठे छर्रे. त्यातला ‘डबल ऑट’ ८.४ मिलिमीटरचा, आणि साध्या पावणेतीन इंची काडतुसात आठ किंवा नऊ. ब्रिटिश पद्धतीत साधारण याच आकाराला एसजी म्हणतात. तिसरा प्रकार स्लग, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमची एकच जाड गोळी.

“बर्डशॉट घ्या, घरच्यांना धोका नको,” हा सल्ला सर्रास दिला जातो. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सल्ला अर्धवट आहे. बारीक छर्ऱ्याला वजन नसतं, त्यामुळे त्याचा जोर चटकन संपतो. १९८६मध्ये मायामीत गुन्हेगारांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. त्यानंतर त्या संस्थेनं काडतुसांच्या कसोट्या नव्यानं ठरवल्या. मानवी स्नायूंसारखा प्रतिसाद देणाऱ्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी १२ ते १८ इंच, म्हणजे ३० ते ४५ सेंटिमीटर जावी, असा निकष त्यातून आला. बर्डशॉट त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचत नाही. त्यानं जखम भयंकर दिसते, पण ती वरवरची असू शकते, आणि चालून येणारा माणूस थांबेलच याची खात्री नसते. तरीही तीच जखम जवळच्या अंतरावर जीवही घेऊ शकते. म्हणजे थांबवण्याचा भरवसा नाही आणि जीव न जाण्याचाही नाही.

स्लग घरासाठी जास्तच होतो, तो भिंतींमागून भिंती ओलांडतो. म्हणून घराच्या कामासाठी बहुतेक जाणकार बकशॉटवर येतात, तेही कमी झटक्याच्या, साध्या लांबीच्या काडतुसावर. तीन इंची मॅग्नम, म्हणजे जास्त जोराचं, काडतूस खोलीच्या अंतरावर खांद्याला मार देण्यापलीकडे फारसं काही जास्त करत नाही. शिवाय बंदुकीच्या नळीवर किती लांबीचं काडतूस चालेल ते कोरलेलं असतं. त्यापेक्षा लांब काडतूस त्या बंदुकीत घालू नये.

“पण छर्रे पसरतात ना?”

पसरतात, पण मैदानावर. खोलीत नाही.

टॉर्च भिंतीच्या अगदी जवळ धरून लावा. प्रकाशाचं वर्तुळ नाण्याएवढं दिसेल. मागे सरकत गेलात की ते वाढत जाईल. छर्ऱ्यांचंही तसंच आहे. साध्या बकशॉटचा ढोबळ हिशेब असा: दर मीटरला पुंजका साधारण अडीच-तीन सेंटिमीटरनं रुंदावतो. म्हणजे तीन मीटरवर, खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तो झाला आठ-नऊ सेंटिमीटर. पाच मीटरवर तळहात झाकेल एवढा, आणि माझ्या कागदावर तेच दिसलं होतं. वाटी खास पद्धतीनं बनवलेली काही काडतुसं तर दहा मीटरवरही मुठीएवढाच पुंजका ठेवतात.

याच जागी चोक हा शब्द येतो. नळीचं तोंड आतून किंचित आवळलेलं असतं त्याला चोक म्हणतात. पाण्याच्या पाइपच्या तोंडावर नोझल फिरवून धार बारीक-जाड करावी तसं. सर्वांत घट्ट ‘फुल’ चोकमध्येही हे आवळणं मिलिमीटरभराचंच असतं. लांबवरचे पक्षी टिपायला ते लागतं. घरासाठीच्या बंदुका बहुतेक चोकशिवाय, म्हणजे ‘सिलिंडर’ नळीच्या येतात आणि तेवढं पुरतं.

नळीची लांबीही इथेच उरकून घेऊ. शिकारीच्या नळ्या २६ ते ३० इंची असतात आणि त्या दारातून वळताना अडतात. घरासाठी १८ ते २० इंच पुष्कळ. दुकानात साडेअठरा इंच हा आकडा वारंवार दिसतो त्याचं मूळ अमेरिकेच्या १९३४च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टमध्ये आहे. त्यानुसार १८ इंचांपेक्षा आखूड नळीच्या शॉटगनला वेगळी नोंदणी लागते. कारखाने अर्धा इंच हात राखून ठेवतात. घरी करवतीनं नळी कापायचा विचारसुद्धा करू नका. अनेक ठिकाणी तो गंभीर गुन्हा आहे.

भिंतीपलीकडे कोण झोपलंय?

जे काडतूस माणसाला थांबवू शकतं ते जिप्सम बोर्डाच्या भिंतीतून जातंच. याला अपवाद करणारं जादूचं काडतूस नाही. डबल ऑट अशा एकापाठोपाठच्या भिंती पार करतो, आणि जवळून मारलेला बर्डशॉटसुद्धा एखादी ओलांडतो. वीट आणि काँक्रीट छर्रा अडवतात, पण तिथून तो उसळून कुठेही जाऊ शकतो, आणि पक्क्या घरालाही दारं-खिडक्या असतातच.

म्हणून काडतुसाचा डबा उघडण्याआधी घराचा नकाशा काढा. कागदावर, पेन्सिलनं. कोण कुठे झोपतं ते लिहा. तुम्ही जिथे थांबणार ती जागा आणि दार यांच्यात रेघ ओढा, मग ती रेघ दाराच्या पलीकडे, भिंतीच्या पलीकडे, शेजारच्या घरापर्यंत वाढवा. ती मुलांच्या खोलीतून जात असेल तर तुमची उभं राहायची जागा चुकली. आमच्या घरात पलंगाच्या डाव्या बाजूऐवजी उजव्या कोपऱ्यात बसलं की रेघ मुलांच्या खोलीऐवजी भरगच्च पुस्तकांच्या कपाटावर आणि त्यामागच्या बाहेरच्या भिंतीवर जाते. फरक चार पावलांचा होता, पण तो कागदावर काढेपर्यंत आम्हाला कुणाला दिसला नव्हता.

गोळी लागली की माणूस उडून पडतो का?

नाही. पडद्यावर तो मागे फेकला जातो तसं घडू शकत नाही. नऊ छर्ऱ्यांचं वजन ३१-३२ ग्रॅम आणि वेग सेकंदाला ३९० मीटर धरला, आणि तो सगळा धक्का ७० किलोच्या माणसाला मिळाला, तर त्याला वेग मिळेल सेकंदाला १७-१८ सेंटिमीटर. हळू चालणाऱ्या माणसापेक्षाही कमी. समोरचा उडाला असता तर चाप ओढणाराही उलट दिशेला उडाला असता, कारण धक्का दोन्हीकडे सारखाच असतो.

हा हिशेब मी मुद्दाम मांडतो, कारण ‘एक बार पुरे’ या समजुतीवर लोक सराव सोडतात. ‘पंप ओढल्याचा खटका ऐकूनच चोर पळेल’ ही समजूतही त्याच घरातली. पळेलही कदाचित. पण तुम्ही कुठे आहात आणि तुमच्या हातात काय आहे हेही त्याला कळेल. आवाजावर योजना उभी करू नये.

मापाची बंदूक

दस्ता म्हणजे बंदुकीचा खांद्याला टेकवायचा भाग. त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतचं अंतर म्हणजे बंदुकीचं माप. सायकलच्या सीटसारखं आहे हे. सीट उंच असली तर सायकल चालते, पण चालवणारा सगळा वेळ ताणलेला असतो. कारखान्यातून येणाऱ्या बऱ्याच बंदुका १४ इंचांच्या आसपास असतात. घरच्या वापराला आणि मध्यम उंचीच्या माणसाला १२.५ ते १३ इंच पुष्कळदा जास्त बरे पडतात. दस्ता लांब असला की माणूस मागे झुकतो, खांद्याऐवजी दंडावर टेकवतो आणि निळा डाग घेऊन घरी येतो. झटका सोसत नाही अशी तक्रार करणाऱ्या कितीतरी जणांचा खरा प्रश्न दस्त्याच्या लांबीचा असतो. आखूड दस्ता आणि मागे जाड रबरी पॅड, एवढ्यानं बंदूक वेगळी वाटते. सगळ्या जोडण्यांमध्ये पैसे आधी इथे घाला.

फक्त मूठ असलेला, दस्ताच नसलेला प्रकार दिसायला रुबाबदार असतो. पहिली बंदूक म्हणून तो घेऊ नका. खांद्याला न टेकवता नेम धरणं नवशिक्याला जमत नाही.

काय जोडायचं?

दिवा. अंधारात जे दिसत नाही त्यावर चाप ओढता येत नाही, आणि घरात अंधारात चालणारी व्यक्ती घरचीच असण्याची शक्यता मोठी. नळीखालच्या मुठीवर बसवलेला दिवा चांगला. पण एक लक्षात घ्या, बंदुकीवरचा दिवा जिथे वळतो तिथे नळीही वळते. शोधाशोध करायला वेगळी टॉर्च हवी, नाहीतर खोलीचं साधं बटण दाबा. बंदुकीच्या दिव्यात कुणाला ‘पाहणं’ म्हणजे त्याच्यावर बंदूक रोखणं.

नेमासाठी नळीच्या टोकावरचा पितळी मणी जवळच्या अंतरावर चालतो. रेड डॉट, म्हणजे भिंगात लाल ठिपका दाखवणारं नेमयंत्र, लावला तर नेम सोपा होतो, बॅटरीवर नजर ठेवावी लागते. बाजूला चार-सहा जादा काडतुसांची पट्टी पुरे. खांद्याला अडकवायचा पट्टा उपयोगी आहे, कारण फोन धरायला किंवा मूल उचलायला हात मोकळा लागतो. याउपर जे जोडाल ते वजन. एक गोष्ट जोडायची नाही, काढायची असते: पक्ष्यांच्या शिकारीची बंदूक घेतली असेल तर तिच्या मॅगझीनच्या नळीत, म्हणजे जादा काडतुसं भरायच्या खालच्या नळीत, काडतुसांची संख्या कमी करणारी दांडी असू शकते. नियमात बसत असेल तर ती काढून घ्या.

कानांसाठी इअरमफ बंदुकीशेजारीच ठेवा. बाराचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो आणि १४०च्या पुढे एकाच आवाजानं कायमची इजा होऊ शकते. इलेक्ट्रॉनिक प्रकारात हळू आवाज मोठे ऐकू येतात, बाराचा आवाज मात्र दबतो.

कागदावरची परीक्षा

एकाच काडतुसाचा पुंजका दोन बंदुकांत वेगळा पडतो, एकाच मॉडेलच्या असल्या तरी. म्हणून घरात सगळ्यात लांबचं अंतर किती ते टेपनं मोजा. समजा नऊ मीटर निघालं. मैदानावर तीन, सहा आणि नऊ मीटरवर मोठे कागद लावा, प्रत्येकावर दोन-तीन बार करा आणि भोकं मोजा. भोकं नऊच्या नऊ सापडली पाहिजेत. आठच सापडली तर नववा छर्रा कुठे गेला याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. मी असं करताना एका काडतुसाचा एक छर्रा दर वेळी पुंजक्यापासून वीतभर बाजूला जाताना पाहिला. त्या बंदुकीसाठी ते काडतूस बाद केलं आणि आठ छर्ऱ्यांचं घेतलं. पुंजका आवळला. कागदाच्या कोपऱ्यात अंतर, काडतुसाचं नाव आणि तारीख लिहून तो जपून ठेवा. काडतूस बदललं की परीक्षा पुन्हा.

“कुलपात ठेवली तर वेळेवर कशी मिळणार?”

बहुतेक शॉटगनची सुरक्षा कळ फक्त चाप अडवते. आतली यंत्रणा मोकळीच असते, त्यामुळे बंदूक पडली किंवा आपटली तर बार होणार नाही अशी हमी नसते. म्हणून घरात ठेवताना चेंबर, म्हणजे बार होताना काडतूस जिथे असतं ती नळीची मागची जागा, रिकामं आणि काडतुसं खालच्या मॅगझीनमध्ये, ही रीत रूढ आहे. नियमानं बंदूक आणि काडतुसं वेगळी ठेवायला सांगितलं असेल तर वेगळीच ठेवा. कुठल्याही स्थितीत ती कुलपात हवी. बटणांवर उघडणारी, भिंतीला बोल्टनं पक्की केलेली लांबट पेटी दोन-चार सेकंदांत उघडते. बोटं अंधारात आकडा शोधायला शिकतात, सरावानं. पलंगाखाली किंवा कपाटामागे ‘लपवलेली’ बंदूक मुलांना माहीत असते. आपल्याला वाटतं त्यांना माहीत नाही, इतकंच.

घरात बंदूक असणंच धोक्याचं नाही का?

हा आक्षेप टाळून पुढे जाता येत नाही. १९९३मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यात बंदूक असलेल्या घरांत खून होण्याचा धोका २.७ पट आढळला, आणि मारणारे बहुतेक घरचे किंवा ओळखीचेच होते. धोका असलेल्या घरांतच लोक बंदूक आणतात, मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता, असा वाद त्यावर बरीच वर्षं चालला. पण त्याच नियतकालिकात २०२०मध्ये आलेल्या कॅलिफोर्नियाच्या मोठ्या अभ्यासानं आत्महत्येबाबत जे दाखवलं ते बाजूला सारता येत नाही. हँडगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीनं आत्महत्या होण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठपट, आणि स्त्रियांत पस्तीसपट होतं. अभ्यास हँडगनचा आहे, पण घरातल्या शॉटगनला तो लागू नाही असं मी मनाला समजावू शकत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. घरात कुणी खचलेलं असेल, दारूचा प्रश्न असेल, मारझोड होत असेल, तर बंदूक आणू नये, आणि आधीपासून असेल तर कायद्यात बसेल अशा प्रकारे ती घराबाहेर ठेवायची सोय करावी. त्या व्यक्तीशी बोलावं, डॉक्टरांपर्यंत सोबत जावं. भक्कम दार, चांगलं कुलूप, अंगणातला दिवा आणि भुंकणारा कुत्रा यांना परवाना लागत नाही, आणि बंदूक घेणाऱ्यानंही हे चारही आधी करावं.

त्या रात्री करायचं काय?

घर शोधत फिरायचं नाही. सगळ्यांना एका खोलीत घ्यायचं, दार लावायचं, एकानं पोलिसांना फोन लावायचा आणि लाइन चालू ठेवायची. बंदूकवाल्यानं ठरलेल्या कोपऱ्यात दाराकडे तोंड करून थांबायचं आणि ओरडून सांगायचं की पोलीस येत आहेत. पोलीस आले की बंदूक खाली ठेवायची, ती हातात घेऊन त्यांना सामोरं जायचं नाही. अमेरिकी प्रशिक्षक जेफ कूपर यांचे चार नियम जगभर शिकवले जातात आणि ते घरातही तसेच लागू आहेत: प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच समजा, जे उद्ध्वस्त करायचं नाही त्यावर नळी नेऊ नका, नेम लागेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवा, आणि समोर काय आहे व त्यामागे काय आहे याची खात्री करा. माझ्या पहिल्या कागदावर मी चौथा नियम मोडला होता.

ही सगळी हालचाल महिन्यातून एकदा घरच्यांसोबत करून पाहा, बंदूक कुलपातच ठेवून. हाताचा सराव वेगळा करा: बंदूक रिकामी, दोनदा डोळ्यांनी आणि एकदा बोटानं तपासलेली, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत, आणि हातात डमी काडतुसं. मैदानावर स्वस्त बर्डशॉट वापरलं तरी चालतं, पण घरात जी काडतुसं ठेवणार आहात तीही अधूनमधून चालवा. मॅगझीनमध्ये स्प्रिंगच्या दाबाखाली महिनोन्‌महिने राहिलेल्या प्लास्टिकच्या काडतुसांचा आकार बिघडतो आणि मग ती नेमकी अडतात. दर दोन-तीन महिन्यांनी ती बाहेर काढा, बोटांत फिरवून पाहा, फुगलेलं असेल ते वेगळं काढा, चांगली मैदानावर संपवा आणि नवी भरा. घरी आल्यावर हात साबणानं धुवा, बोटांना शिसं लागलेलं असतं.